काचेचे काठिण्य आणि तडारोध: उत्तरप्रक्रियांचा परिणाम कसा तपासावा

मोबाइलच्या पडद्यावर चिकटवायच्या काचेच्या पाकिटावर ‘९ एच’ असे ठळक छापलेले असते आणि विकणारा तो आकडा काचेचे काठिण्य म्हणून सांगतो. प्रत्यक्षात तो पेन्सिलीच्या श्रेणीतला आहे. ९ एच ही त्या श्रेणीतली सर्वांत कठीण पेन्सिल असून तिने पृष्ठभागावर ओरखडा उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. खिडकीची साधी काचही या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते. खनिजांचे काठिण्य १ ते १० आकड्यांत मांडणाऱ्या मोह्स श्रेणीत काचेचे काठिण्य साधारण ५.५ ते ६ आणि वाळूतल्या क्वार्ट्‌झचे ७ असल्यामुळे खिशातल्या वाळूच्या कणाने ती काच खरचटायची ती खरचटतेच. हातातून पडल्यावर तिला तडा जाईल की नाही, याच्याशी तर त्या आकड्याचा काडीचाही संबंध नाही.

काठिण्य आणि तडारोध हे काचेचे दोन वेगळे गुण आहेत. तयार काचेवर नंतर केलेल्या प्रक्रिया (उत्तरप्रक्रिया), म्हणजे सावकाश थंड करणे, झटकन थंड करणे, क्षाराच्या वितळलेल्या स्नानात ठेवणे, उच्च दाबाखाली तापवणे, आम्लाने पृष्ठभाग उतरवणे, या दोन्ही गुणांवर एकसारखा परिणाम करत नाहीत. काही प्रक्रियांत तर एक वाढला की दुसरा घटतो. म्हणून एखादी प्रक्रिया ‘काच मजबूत करते’ असे म्हणण्यापूर्वी एकाच नमुन्यावर दोन्ही गुण मोजले पाहिजेत. मफल भट्टी आणि मायक्रो-विकर्स यंत्र उपलब्ध असलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हे काम कसे करावे, ते येथे क्रमाने मांडले आहे.

मोजायचे नेमके काय

विकर्स चाचणीत समोरासमोरच्या बाजूंमध्ये १३६ अंशांचा कोन असलेला हिऱ्याचा चौकोनी पिरॅमिड ठरावीक भाराने काचेत दाबतात. भार काढल्यावर राहिलेल्या ठशाचे दोन्ही कर्ण मोजून त्यांची सरासरी घेतात. भार न्यूटनमध्ये आणि कर्ण मीटरमध्ये घेऊन भाराला १.८५४४ ने गुणावे आणि कर्णाच्या वर्गाने भागावे, म्हणजे काठिण्य पास्कलमध्ये मिळते. सोडा-लाइम काचेवर १ किलोग्रॅम-बल, म्हणजे ९.८१ न्यूटन भाराने सुमारे ५७.५ मायक्रोमीटर कर्णाचा ठसा उठला, तर काठिण्य ५.५ गिगापास्कल येते, आणि साध्या खिडकीच्या काचेसाठी ते अपेक्षितच आहे.

ठसा उठताना काचेत दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. एक म्हणजे हिऱ्याखालची काच दबून दाट होते, कारण तिच्या अणुरचनेत मोकळी जागा असते. दुसरी म्हणजे उरलेली काच घसरून बाजूला सरकते. दाट झालेला भाग भोवतालच्या काचेला फारसा ढकलत नाही. बाजूला सरकलेला भाग मात्र पाचरीसारखा ताण निर्माण करतो आणि ठशाच्या कोपऱ्यांतून बाहेर धावणारे तडे त्या ताणातून जन्मतात. तडारोध म्हणजे असे तडे उगवू न देता काच किती भार सोसते, त्याचे माप. काठिण्य मात्र ठसा किती लहान उठला एवढेच सांगते. काच दाट झाली की सरकली, याची नोंद त्यात नसते. दोन्ही गुण एकमेकांपासून फारकत घेतात ते याच कारणाने, आणि पुढच्या प्रत्येक प्रक्रियेचा परिणाम समजून घेताना हेच सूत्र हाती धरावे.

नमुने निवडणे आणि तयार करणे

सूक्ष्मदर्शकाच्या ७५ बाय २५ मिलिमीटरच्या काचपट्ट्या या कामासाठी सोयीच्या आहेत. त्या सोडा-लाइम काचेच्या असतात, स्वस्त असतात आणि त्यांचा पृष्ठभाग ठशासाठी पुरेसा गुळगुळीत असतो. घासून चकाकी देण्याची गरज पडत नाही. सगळ्या पट्ट्या एकाच खोक्यातल्या घ्याव्यात, कारण उत्पादक बदलला की काचेची घडण थोडी बदलते आणि मग फरक प्रक्रियेचा की काचेचा, हे ठरवता येत नाही.

पट्टी किंवा तावदान फ्लोट पद्धतीने बनवलेले असेल तर त्याची एक बाजू वितळलेल्या कथिलावरून सरकलेली असते. पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केलेल्या या पद्धतीत खालच्या पृष्ठभागात थोडे कथिल शिरते आणि ते पुढे आयनांच्या अदलाबदलीत अडथळा आणते. अंधाऱ्या खोलीत २५४ नॅनोमीटरचा अतिनील दिवा तिरपा धरल्यास कथिलाची बाजू धूसर पांढुरकी चमकते. दुसरी बाजू काळीच राहते. (या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, साध्या पारदर्शक प्लॅस्टिकचा संरक्षक चष्मा पुरेसा आहे.) कथिलाच्या बाजूवर कोपऱ्यात हिऱ्याच्या लेखणीने बारीक खूण करावी आणि सर्व ठसे दुसऱ्या बाजूवर घ्यावेत.

धुण्यासाठी आधी साबणाचे कोमट पाणी, मग ऊर्ध्वपातित पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल, असा क्रम ठेवावा. त्यानंतर पट्टी फक्त कडांना धरावी. बोटाचा ठसा डोळ्यांना दिसला नाही तरी भट्टीत तो काचेवर भाजून बसतो.

आधी सगळ्या पट्ट्यांचा इतिहास पुसा

काच पूर्वी कोणत्या वेगाने थंड झाली याची आठवण तिच्या रचनेत राहते. खोक्यातल्या पट्ट्या तशाच वापरल्या तर तुलनेला पायाच उरत नाही. म्हणून सर्व पट्ट्यांचे, नंतर ज्यांवर काहीच प्रक्रिया करायची नाही त्यांचेही, एकत्र अनीलिंग (तापवून मग सावकाश थंड करणे) करावे.

सोडा-लाइम काचेचा अनीलिंग बिंदू साधारण ५४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. या तापमानाला आतली प्रतिबले (काचेत अडकून राहिलेले ताण) सुमारे १५ मिनिटांत विरतात. त्याहून सुमारे ३० अंश खाली, ५१५ च्या आसपास, हेच काम व्हायला ४ तासांच्या घरात वेळ लागतो, आणि त्याच्याही खाली काच व्यवहारात गोठलेलीच धरावी. पट्ट्या सपाट सिरॅमिक फरशीवर ठेवून ५५० अंशांना १ तास ठेवाव्यात, नंतर ४५० अंशांपर्यंत मिनिटाला १ अंश या वेगाने उतरवाव्यात आणि मग भट्टी बंद करून रात्रभर आतच थंड होऊ द्याव्यात. भट्टीच्या तापमानदर्शकावरचा आकडा आणि पट्ट्यांजवळचे खरे तापमान यांत १५-२० अंशांचा फरक सहज निघतो, म्हणून नमुन्यांलगत वेगळे थर्मोकपल (तापमान मोजणारी तारजोडी) ठेवणे ही चैन नव्हे. अनीलिंग नीट झाले की नाही, हे दोन ध्रुवक पत्रे (प्रकाशाची कंपने एकाच दिशेत जाऊ देणारे पोलरॉइड) एकमेकांशी काटकोनात धरून त्यांच्यामध्ये पट्टी ठेवून पाहावे. पट्टी फिरवताना प्रकाशाचे डाग दिसले, तर आत प्रतिबल शिल्लक आहे.

कारखान्यात प्रत्येक बाटली आणि प्रत्येक पेला लेहर नावाच्या लांबलचक भट्टीतून सावकाश सरकत बाहेर पडतो, तो याच कारणासाठी. तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्याला किंवा कंदिलांसाठी नावाजलेल्या ओगलेवाडीला हे काम टाळणे परवडण्यासारखे नव्हते. अनीलिंग चुकलेली कंदिलाची काच ज्योत लावताच फुटते.

थंड होण्याचा वेग: सर्वांत साधी उत्तरप्रक्रिया

वेगाचा परिणाम पाहायचा असेल तर अनीलिंग झालेल्या काही पट्ट्या ५८० अंशांना १० मिनिटे ठेवाव्यात आणि लांब चिमट्याने बाहेर काढून पोलादी जाळीवर स्थिर हवेत थंड होऊ द्याव्यात. चेहऱ्यावर पूर्ण ढाल आणि हातांत उष्णतारोधक मोजे असल्याशिवाय हे करू नये, कारण एखादी पट्टी हमखास फुटते.

झटकन थंड झालेल्या काचेची रचना अधिक मोकळी राहते. तिचे काठिण्य सावकाश उतरवलेल्या काचेपेक्षा काही टक्क्यांनी कमी भरते; पण रचनेत मोकळी जागा जास्त असल्यामुळे हिऱ्याखाली ती अधिक दाट होऊ शकते आणि तडे उशिरा, म्हणजे जास्त भारावर उगवतात. दीर्घ अनीलिंगाने याच्या उलट घडते: काच थोडी कठीण होते आणि थोडी अधिक तडकणारी होते. फरक लहान असतो आणि ढिसाळ मोजणीत तो सहज हरवतो, म्हणूनच विद्यार्थ्याने हा प्रयोग सर्वांत आधी करावा, असे माझे मत आहे. हा फरक ज्याला पकडता आला, त्याच्या पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पोटॅशियम नायट्रेटचे स्नान

काच रासायनिक पद्धतीने बळकट करण्याची कल्पना सॅम्युएल किस्लर यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून रुजली. याच किस्लर यांनी त्याआधी एरोजेल शोधले होते. तत्त्व सोपे आहे. काचेतल्या सोडियम आयनाची त्रिज्या १.०२ अँगस्ट्रॉम आणि पोटॅशियमची १.३८. वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये काच बुडवली की पृष्ठभागाजवळचे सोडियम बाहेर पडते आणि त्याच्या जागी मोठे पोटॅशियम शिरते. तापमान पुरेसे खाली ठेवले असेल तर काचेचे जाळे त्याला जागा करून देण्याइतके सैल होत नाही आणि पृष्ठभागाचा पातळ थर संपीडनात (चहूबाजूंनी दाबलेल्या अवस्थेत) अडकतो. सोडा-लाइम काचेत हे संपीडन काही शे मेगापास्कल असते, पण थर फार तर १०-२० मायक्रोमीटरचा. मोबाइलसाठी वापरली जाणारी अॅल्युमिनोसिलिकेट काच वेगळी: तिच्यात आयन अधिक मोकळेपणाने फिरतात, म्हणून थर ४०-५० मायक्रोमीटरपर्यंत नेता येतो.

पोटॅशियम नायट्रेट ३३४ अंशांना वितळते. स्नान ४२० अंशांवर ठेवावे आणि पट्ट्या ८ तास बुडवाव्यात. भांडे स्टेनलेस स्टीलचे असावे. पट्ट्या उभ्या ठेवण्यासाठी स्टीलच्याच तारेची चौकट करावी, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा क्षार लागतो आणि पट्टी वाकत नाही. बुडवण्याआधी पट्ट्या ३५० अंशांच्या भट्टीत १५-२० मिनिटे तापवाव्यात, नाहीतर क्षारात शिरतानाच त्या तडकतात. बाहेर काढल्यावर क्षार निथळू द्यावा, पट्ट्या भट्टीतच हळूहळू थंड कराव्यात आणि मग कोमट पाण्याने धुवाव्यात. चिकटलेला पांढरा क्षार पाण्यात विरघळून जातो.

हा क्षार, आपला जुना सोरा, प्रबळ ऑक्सिडीकारक आहे. कागद, कापड, तेल, कोळसा, लाकडी चमचा, यांतले काहीही स्नानाजवळ असू नये, अॅल्युमिनियमचे भांडे वापरू नये आणि पाण्याचा थेंबही आत पडू देऊ नये. द्राक्षबागांसाठी कृषी सेवा केंद्रात ‘१३-०-४५’ या नावाने मिळणारे खत म्हणजेही पोटॅशियम नायट्रेट. ते स्वस्त असल्यामुळे मोह होतो. तो आवरावा. खताच्या प्रतीतल्या अशुद्धींपैकी कॅल्शियमचे अत्यल्प प्रमाणही काचेच्या पृष्ठभागावर अडून बसते आणि पोटॅशियमची वाट रोखते. मग ८ तासांनंतर जवळजवळ तशीच काच हाती येते आणि दोष कुठे राहिला ते उमगत नाही. प्रयोगशाळेच्या शुद्धतेचाच क्षार वापरावा. तोही अनेक खेपांनंतर बाहेर आलेल्या सोडियमने मंदावतो, म्हणून किती पट्ट्या काढल्या याची नोंद ठेवून तो बदलावा.

अदलाबदल झाली की नाही, हे महागड्या उपकरणाशिवाय वजनावरून कळते. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोल सोडियममागे पट्टीचे वजन १६.१ ग्रॅमने वाढते. १ मिलिमीटर जाडीच्या पट्टीचे वजन साधारण ४.७ ग्रॅम आणि कडांसह पृष्ठभाग ३९.५ चौरस सेंटिमीटर भरतो. काचेत सोडियम ऑक्साइड १४ टक्के धरले, तर सर्व बाजूंनी ५ मायक्रोमीटरपर्यंत संपूर्ण अदलाबदल झाल्याइतकी वाढ सुमारे ३.६ मिलिग्रॅम होते. प्रत्यक्षात पोटॅशियम पृष्ठभागाशी जास्त आणि आत कमी कमी होत जाते, त्यामुळे थराची खरी खोली या हिशेबी ५ मायक्रोमीटरच्या अडीच ते तीन पट असते. ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा तराजू असेल तर ही वाढ स्पष्ट दिसते, मात्र बुडवण्याआधी आणि नंतरही पट्टी ११० अंशांना वाळवून, कोरड्या पात्रात थंड करूनच तोलावी. वजन वाढलेच नाही तर पुढे ठसे घेण्यात वेळ घालवू नये.

स्नान जितके गरम तितके चांगले, हा समज मात्र खोटा आहे. तापमान वाढवल्यास आयन लवकर आत जातात खरे. पण काच ५१५ अंशांच्या जवळ आली की तिचे जाळे हळूहळू सैल पडते आणि मिळवलेले संपीडन विरून जाते. याच कारणाने क्षारस्नान केलेल्या काचेचे नंतर अनीलिंग कधीही करू नये. कापणे, कडा घासणे, भोके पाडणे ही कामे आधी आटोपावीत आणि बळकटीची प्रक्रिया सर्वांत शेवटी ठेवावी.

टफन्ड काच

टफन्ड काच बनवण्यासाठी तावदान सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारतात. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला नंतर आकसतो आणि बाहेरच्याला ओढून संपीडनात ठेवतो. पृष्ठभागावरचे संपीडन साधारण १०० मेगापास्कलच्या आसपास असते आणि ते दोन्ही बाजूंनी जाडीच्या सुमारे एक-पंचमांश खोलीपर्यंत पोहोचते. म्हणजे ५ मिलिमीटरच्या तावदानात थर सुमारे १ मिलिमीटरचा, क्षारस्नानाच्या थरापेक्षा पन्नासपटीहून जाड, पण संपीडनाचा जोर त्याच्यापेक्षा बराच कमी.

हे काम प्रयोगशाळेत करू नये. काचपट्टीत ते साधतही नाही, कारण १ मिलिमीटरच्या काचेत आत आणि बाहेर तापमानाचा पुरेसा फरकच पडत नाही. त्यापेक्षा काचवाल्याकडे एकाच तावदानातून ५० बाय ५० मिलिमीटरचे तुकडे आधी कापून घ्यावेत आणि त्यांतले निम्मे टफनिंगला द्यावेत; इतके लहान तुकडे रुळांवरून सरकत नाहीत म्हणून काही कारखाने नकार देतात, अशा वेळी त्यांच्या किमान मापाचे तुकडे घेऊन यंत्राच्या मंचावर बसतील असे पाहावे. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, ती अख्खी चुरा होते. तिच्यावर विकर्सचे काठिण्य घेतले तर ते साध्या काचेइतकेच किंवा किंचित कमी भरते, कारण ती झटकन थंड झालेली असते. तडे मात्र उशिरा उगवतात आणि आखूड राहतात. ज्याला अजून ‘टफन्ड म्हणजे कठीण’ असे वाटते, त्याच्यासाठी हे दोन ठसे शेजारी शेजारी ठेवून दाखवणे पुरेसे आहे.

दाब आणि आम्ल

उच्च दाबाची प्रक्रिया आपल्या प्रयोगशाळेत होण्याजोगी नाही, पण तिचा निकाल बोलका आहे. काच तिच्या काचसंक्रमण तापमानाजवळ (जिथे गोठलेले जाळे सैल पडू लागते) १ गिगापास्कलच्या आसपास वायुदाबाखाली ठेवून थंड केली की ती कायमची दाट होते. डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा काचांवर बरेच काम केले आहे. दाट झालेल्या काचेचे काठिण्य वाढते आणि तडारोध सहसा घटतो: दाट होण्याची सोय आधीच संपून गेल्यामुळे हिऱ्याखालची काच सरकण्यावाचून गत्यंतर नसते. हीच काच साध्या वातावरणीय दाबाखाली पुन्हा त्या तापमानाला तापवली, तर दोन्ही बदल परत फिरतात.

हायड्रोफ्लोरिक आम्लाने पृष्ठभागाचा थर उतरवला तर काचेचे वाकण्यातले बळ पुष्कळ वाढते. अॅलन ग्रिफिथ यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवल्याप्रमाणे काच तुटते ती तिच्यावरच्या सूक्ष्म भेगांतून, आणि आम्ल त्या भेगा बोथट करते किंवा काढून टाकते. परंतु विकर्सच्या काठिण्यावर याचा परिणाम जवळजवळ होत नाही, कारण हिरा आपल्या टोकाखाली स्वतःचाच नवा दोष निर्माण करतो. हे आम्ल त्वचेतून हाडापर्यंत जाते आणि सुरुवातीला दुखतही नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी नसलेल्या आणि प्रशिक्षित देखरेख नसलेल्या ठिकाणी त्याची बाटली उघडूही नये. आपल्या तुलनेसाठी त्याची गरजही नाही.

ठसे घेणे

काठिण्यासाठी आणि तडारोधासाठी वेगवेगळे भार घ्यावे लागतात. अनीलिंग केलेल्या सोडा-लाइम काचेत १ किलोग्रॅम-बलाला बहुतेक ठशांचे कोपरे तडकलेले असतात आणि तडकलेल्या ठशाचा कर्ण नेमका कुठे संपतो, ते ठरवता येत नाही. म्हणून काठिण्य १०० ग्रॅम-बलाला, म्हणजे ०.९८ न्यूटनला मोजावे. येथे कर्ण सुमारे १८ मायक्रोमीटर असतो आणि कर्ण वाचताना अर्धा मायक्रोमीटर चुकला तरी काठिण्य साडेपाच टक्क्यांनी चुकते. थंड होण्याच्या वेगाने पडणारा फरक याच्याच पंक्तीतला आहे. तेव्हा दहा-पंधरा ठशांची सरासरी घ्यावी, एकाच व्यक्तीने सर्व कर्ण वाचावेत आणि शक्य असल्यास कोणता नमुना कोणता, हे वाचणाऱ्याला सांगू नये.

क्षारस्नानाच्या पट्टीवर आणखी एक भान हवे. विकर्स ठशाची खोली कर्णाच्या सुमारे सातव्या भागाइतकी असते. १०० ग्रॅमचा ठसा अडीच मायक्रोमीटर खोल जातो, म्हणजे पोटॅशियमच्या थरात राहतो. १ किलोग्रॅमचा ठसा ८ मायक्रोमीटरपर्यंत उतरतो आणि त्याचा प्रभाव थराच्या पलीकडच्या मूळ काचेपर्यंत पोहोचतो. दोन भारांना दोन वेगळी काठिण्ये आली तर ती यंत्राची चूक समजू नये.

भार टेकवून ठेवण्याचा वेळ सर्वत्र १५ सेकंद ठेवावा. दोन ठशांत कर्णाच्या किमान पाचपट अंतर असावे, आणि तडे लांब असतील तर त्याहूनही जास्त. कडेजवळ ठसे घेऊ नयेत. सूक्ष्मदर्शकाखाली काचेवरचा ठसा बाजू किंचित आत वळलेल्या चौकोनासारखा दिसतो. तडे असतील तर कोपऱ्यांतून केसासारख्या रेषा बाहेर निघालेल्या असतात. ठशाभोवती इंद्रधनुषी कडी दिसली तर ती पृष्ठभागाखाली आडव्या पसरलेल्या तड्याची खूण होय, ती कोपऱ्यांच्या मोजणीत धरू नये.

तडे मोजणे

तडारोधासाठी १९७४ पासून रूढ असलेली आणि वादा यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरावी. प्रत्येक ठशाला चार कोपरे असतात. एका भारावर २० ठसे घेतले की ८० कोपरे होतात. त्यांतल्या किती कोपऱ्यांतून तडा निघाला, त्याची टक्केवारी काढायची. मग भार वाढवत जायचे: ५०, १००, २००, ३००, ५०० ग्रॅम. ज्या भाराला निम्मे कोपरे तडकतात, तो त्या काचेचा तडारोध. समजण्यापुरते आकडे मानू. १.९६ न्यूटनला ८० पैकी २२ कोपरे तडकले, म्हणजे २७.५ टक्के, २.९४ न्यूटनला ५४, म्हणजे ६७.५ टक्के. सरळ रेषेने दोहोंच्या मधले ५० टक्क्यांचे स्थान काढले, तर तडारोध २.५ न्यूटन येतो. बळकट केलेल्या पट्टीवर यंत्राचा कमाल भार देऊनही निम्मे कोपरे तडकले नाहीत, तर ‘इतक्या न्यूटनहून अधिक’ असेच लिहावे; रेषा पुढे वाढवून आकडा काढू नये.

तडे सगळे भार असतानाच उगवत नाहीत. बरेचसे भार काढताना उगवतात, आणि काही त्यानंतर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी. हवेतली वाफ याला कारणीभूत असते: पाण्याचा रेणू ताणाखालच्या सिलिकॉन-ऑक्सिजन बंधावर हल्ला करून तो सोडवतो, म्हणून कोरड्या नायट्रोजनमध्ये तीच काच जास्त भार सोसते. मुंबईत जुलैमध्ये घेतलेले आणि नागपुरात मे महिन्यात घेतलेले आकडे याच कारणाने शेजारी ठेवता येत नाहीत. वातानुकूलित खोली असली तरी आर्द्रतामापक यंत्राशेजारी ठेवून प्रत्येक मालिकेची आर्द्रता लिहावी, ज्या पट्ट्यांची तुलना करायची त्या एकाच दिवशी मोजाव्यात आणि ठसा घेतल्यापासून मोजणीपर्यंतचा वेळ सर्वांसाठी सारखा, समजा १ तास, ठेवावा.

तड्यांच्या लांबीवरून फ्रॅक्चर टफनेस (असलेला तडा पुढे धावू न देण्याची काचेची क्षमता) काढण्याचे सूत्रही प्रचलित आहे. त्यात भाराला तड्याच्या लांबीच्या दीडाव्या घाताने भागतात आणि लवचीकता व काठिण्याच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणतात. अनीलिंग केलेल्या काचेला ते तुलनेपुरते चालते. पृष्ठभागावर संपीडन असलेल्या काचेला मात्र ते लावू नये, कारण तडा आखूड राहतो तो संपीडनाने आवळल्यामुळे, काचेची स्वतःची क्षमता वाढल्यामुळे नव्हे. सोडा-लाइम काचेची ही क्षमता ०.७ ते ०.७५ मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर असते आणि क्षारस्नानानंतरही थराखालच्या काचेत ती तेवढीच राहते. अनेक प्रकल्प-अहवालांत ‘टफनेस दुप्पट झाला’ असे वाक्य दिसते, ते बहुधा याच गल्लतीतून आलेले असते.

निकाल लिहिताना

प्रत्येक नमुन्यासाठी काठिण्य आणि तडारोध एकाच ओळीत, शेजारशेजारच्या रकान्यांत लिहावेत आणि दोन्हींपुढे भार, ठशांची संख्या, आर्द्रता व मोजणीपर्यंतचा वेळ नोंदवावा. काठिण्यापुढे सरासरीबरोबर विचलनही द्यावे, ५.५ आणि ५.६ गिगापास्कल यांत विचलन ०.२ असेल तर तो फरक नाही. क्षारस्नानाच्या पट्टीसाठी वजनवाढ आणि तिच्यावरून काढलेली थराची खोली जोडावी. झटकन थंड केलेल्या पट्टीचा तडारोध वाढलेला दिसला, तर त्यातला किती भाग मोकळ्या रचनेचा आणि किती पृष्ठभागावर अडकलेल्या थोड्याशा संपीडनाचा, हे केवळ ठशांवरून वेगळे होत नाही. तिलाही ध्रुवक पत्र्यांमध्ये धरून, कडेकडून, आत प्रकाशाच्या पट्ट्या दिसतात का ते पाहावे आणि जे दिसेल ते निकालाखाली लिहावे.

वापरलेल्या पट्ट्या फोडून कचऱ्यात टाकू नयेत, विशेषतः टफन्ड तुकडे. ते जाड कापडी पिशवीत घालून वेगळ्या खोक्यात ठेवावेत. पोटॅशियम नायट्रेट भांड्यातच थंड होऊन घट्ट होऊ द्यावे आणि पुढच्या खेपेला वरून आणि कडेने आधी वितळेल अशा रीतीने सावकाश तापवावे. तळ आधी वितळला तर वरचे कवच फुटून गरम क्षार उसळतो.